पानाखालचा मोदक

“अर्धीच वाढते, विहीणबाई. अर्ध्याला नाही म्हणू नये.”

कुसुमआत्यांनी अर्धी म्हणून वाढलेली पुरणपोळी माझ्या पानाची सगळी उजवी बाजू झाकून बसली. तिच्यावर लगेच तुपाची धार पडली. मी मान वर करून हसले. तेहतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवल्यामुळे मला कुठल्याही प्रसंगात हसता येतं.

“आत्या, खरंच पुरे.”

“पुरे म्हणायला सुरुवात तरी कुठे झालीय? मोदक यायचेत अजून. सरोजनं पहाटे उठून उकड काढलीय.”

सरोज म्हणजे सरोजिनी आठल्ये, माझ्या सुनेची आई. सून तासाभरापूर्वी झालेली. देवरुखजवळच्या त्यांच्या गावात, त्यांच्याच अंगणात मांडव घालून माझ्या कौस्तुभचं आणि त्यांच्या मृण्मयीचं लग्न लागलं होतं. कुसुमआत्या मृण्मयीच्या वडिलांच्या थोरल्या बहीण. कार्यालय घेतलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं, कारण कार्यालयातले वाढपी फार आग्रह करत नाहीत. पण सरोजिनीबाईंनी पहिल्या बैठकीतच सांगितलं होतं, “बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं. विहीण पंगत मात्र माझ्या घरी आणि माझ्या हातची.”

ती पंगत आता बसली होती. आमच्याकडच्या आठ बायका पाटांवर, आणि गुडघ्यांमुळे मला एकटीला खुर्ची-टेबल. केळीचं पान, भोवती रांगोळीची महिरप, चांदीचं फुलपात्र. मुलीकडच्या बायका भिंतीशी उभ्या राहून गाणी म्हणत होत्या, आणि गाता गाता सगळ्यांचे डोळे माझ्या उजव्या हाताकडे होते. मुलाच्या आईनं पोटभर जेवून समाधानानं हात धुतले की मुलीची आई जिंकली. तिनं नुसतं चिवडलं, तर ती रुसली, तिचा मान राहिला नाही, आता पोरीचं काही खरं नाही, अशी कुजबुज हात वाळायच्या आत गावभर होते.

आणि माझ्या पोटात त्या दिवशी अर्धी वाटी अन्न मावत होतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. त्या लग्नाच्या दहा आठवडे आधी पुण्यात माझ्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली होती. पोटाचा मोठा भाग काढून टाकतात, उरतं ते केळ्याएवढं. वजन एकशे बारा किलो, सोबत मधुमेह, आणि गुडघे असे की निवृत्तीनंतर कराडच्या आमच्या अंगणात मुलं शिकायला यायची तेव्हा मी खुर्चीवर आणि मुलं सतरंजीवर. लहान मुलांना खुर्चीवरून शिकवता येत नाही. त्यांच्या पाटीशेजारी आपलं नाक न्यावं लागतं, तेव्हा कुठे कळतं की हे पोर चार उलटा का काढतंय. म्हणून मी मन घट्ट करून ते करून घेतलं. लग्न मे महिन्यात ठरलं होतं, तोवर सगळं रुळेल असा अंदाज होता. पण मृण्मयीला कंपनी एप्रिलमध्ये वर्षभरासाठी परदेशी पाठवणार असं निघालं आणि लग्न फेब्रुवारीत आलं.

दवाखान्यातली आहारतज्ज्ञ रेवती सव्वीस वर्षांची होती. मी पहिलीच्या मुलांशी बोलते तशी ती माझ्याशी बोलायची.

“काकू, जेवायला बसल्यावर आधी काय खायचं?”

“प्रथिनं. डाळ, उसळ, पनीर, दही. मग भाजी. जागा उरली तर भाकरीचा तुकडा.”

“घास किती वेळा चावायचा?”

“पंचवीस.”

“पाणी?”

“जेवणाआधी अर्धा तास नाही, जेवताना नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही.”

“गोड? तळलेलं?”

“नाही.”

“आणि कुणी आग्रह केला तर?”

“तरी नाही.”

“शहाण्या आहात,” असं म्हणून तिनं माझ्या कागदावर खरोखरच एक चांदणी काढून दिली. ती मिळाल्यावर मला जो आनंद झाला तो मी इथे सांगत नाही, कारण तो एकसष्टाव्या वर्षी शोभणारा नव्हता.

अंगणातल्या मुलांना मात्र मी सगळं सांगून टाकलं होतं. संध्याकाळी सहाला मला वाटीभर डाळीचं पाणी, पुढे घट्ट डाळ, असं काहीतरी खावं लागायचं, आणि ते नेमकं शिकवणीच्या वेळेत यायचं. “बाई, तुमच्या तोंडात एकच घास किती वेळ आहे?” असं मुक्तानं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, माझं पोट आता छोटं झालंय, त्याला दात नाहीत, म्हणून पंचवीसदा चावून द्यावं लागतं. झालं. अकरा मुलं माझ्या तोंडाकडे बघत मोठ्यानं मोजायला लागली. ज्या पोरांना दहाच्या पुढे अडखळायला व्हायचं त्यांचे पंचवीस आकडे चार दिवसांत पाठ झाले. मध्येच गिळलं तर “बाई, एकोणीसच झाले,” म्हणून आरडाओरडा व्हायचा.

मुलांना सांगितलं, मोठ्यांना नाही. आमचे हे आणि कौस्तुभ, बस. कौस्तुभला तर शपथ घातली होती की मृण्मयीलाही बोलायचं नाही. बारीक झालात म्हणणाऱ्यांना मी “गुडघ्यांसाठी पथ्य पाळतेय” एवढंच सांगायची. याचं कारण जुनं होतं. शाळेत खिचडी शिजायची तेव्हा एकदा दोन पालक कुंपणापलीकडून बोलत होते. एक म्हणाला, “पातेलं रिकामं व्हायला पोरं कशाला हवीत, खांबेटे बाई आहेत की.” मी शाळेतल्या खिचडीचा कण कधी तोंडात घातला नव्हता, मीठ बघण्यापुरतासुद्धा नाही. पण ते वाक्य माझ्या पाठीला चिकटलं ते निघालंच नाही. ऑपरेशन म्हटलं की लोक म्हणणार, बघा, खाऊन खाऊन शेवटी पोट कापायची वेळ आली.

आणि पथ्य मोडलं तर काय होतं तेही मला ठाऊक होतं. पाचव्या आठवड्यात शेजारच्या मुंजीचं श्रीखंड आलं होतं. दोन चमच्यांनी काय होतंय, असं म्हणून खाल्लं. दहा मिनिटांत घामानं निथळले, छाती धडधडायला लागली, पोटात पीळ पडला. पुढचा अर्धा तास मी न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून होते आणि आमचे हे दारात उभे राहून वर्तमानपत्रानं वारा घालत होते. मध्येच म्हणाले, “शैला, हे श्रीखंड गाईच्या दुधाचं होतं की म्हशीच्या?” तेव्हा मला हसूही येईना. आता हाच प्रकार भरल्या मांडवात, वरमायेचा शालू नेसून करायचा का?

तर माझी योजना अशी होती. वालाच्या डाळिंब्यांची उसळ चांगली मऊ शिजली होती, तिचे चार चमचे सावकाश खायचे, दह्याचे दोन. बाकीचं पानात फिरवायचं. आणि या फिरवण्याच्या कामात मला कुणाचा हात धरता आला नसता. तेहतीस वर्षं मी मुलांच्या पंगतीत फिरले आहे. नावडती भाजी पोळीखाली कशी जाते, भात कडेला थापून त्याचा ढीग कमी कसा दाखवायचा, वाटाणे वाटीच्या मागे कसे लपतात, शेजाऱ्याचं लक्ष नसताना त्याच्या ताटात काय काय पोचतं, हे सगळं मी पकडलेलं आहे. पकडून रागावले नाही कधी. “चुकलं ना, मग सांगून टाक, मी ओरडणार नाही,” एवढंच म्हणायची.

त्या दिवशी मी ही सगळी विद्या वापरली. अळूची भाजी पोळीखाली गेली. मसालेभात थापून पसरला. काकडीची कोशिंबीर पापडाच्या मागे लपली. शेजारच्या पाटावर माझी नणंद होती, पण ती खाली आणि मी वर, त्यामुळे तिच्या पानात काही पोचवायची सोय नव्हती.

मग मोदक आले. सरोजिनीबाई स्वतः वाढायला आल्या. हिरवी नऊवारी, कपाळावर घाम, हातात मोदकांचं ताट. सडपातळ, उंच बाई. बोलणं कमी, पण बघणं असं की आपण परीक्षेला बसलोय असं वाटावं.

“विहीणबाई, हा माझ्या हातचा आहे.”

“सुरेख कळी पडलीय,” मी म्हटलं आणि ते खरंच होतं. एकवीस पाकळ्यांचा, पांढराशुभ्र, कोवळ्या नारळाचा वास येणारा मोदक. मी तो हातात घेतला, ओठांपर्यंत नेला. त्या पुढच्या पानाकडे वळल्या. मी मोदक खाली आणला आणि पानाची कड उचलून आत सरकवला.

त्या परत आल्या. पानातला मोदक गेलेला दिसला. त्यांचा चेहरा उजळला. पहाटेपासून प्रथमच हसल्या असतील.

“आवडला ना? मला धाकधूक होती. दुसरा घ्या.”

“नको हो—”

“आवडलेल्याला नको म्हणायचं नसतं.”

दुसराही पानाखाली गेला. कुसुमआत्यांनी तिसरा वाढला, त्याचीही तीच वाट. आता तुम्ही कधी केळीच्या पानाखाली तीन मोदक लपवलेत का? पान टेबलावर सपाट राहत नाही. माझ्या पानाला डावीकडे एक टेकडी आली. तिच्यावरून वरण उताराला लागलं आणि रांगोळीकडे निघालं. मी मिठाच्या बाजूनं पान दाबलं, तर एक मोदक फुटला आणि गुळाचं सारण पानाच्या कडेनं हळूच बाहेर आलं.

सरोजिनीबाई तूप वाढायला वाकल्या होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी दोन बोटांनी पानाची कड उचलली, खाली पाहिलं, आणि कड परत जशीच्या तशी ठेवली. तुपाचं भांडं कुसुमआत्यांच्या हातात दिलं आणि आत निघून गेल्या.

गाणं मध्येच थांबलं.

“काय झालं गं?” भिंतीशी कुणीतरी विचारलं.

“विहीणबाईंनी मोदक पानाखाली टाकलेत,” कुसुमआत्या पानाची कड उचलून बघत म्हणाल्या. त्यांना हळू बोलणं जमायचं नाही. “तिन्ही.”

“अगंबाई. कशानं रुसल्या?”

“मानाची साडी आवडली नसेल.”

“मी म्हटलं होतं सरोजला, काठ जरा बारीक आहे.”

दारात मृण्मयी आली. मुंडावळ्या अजून कपाळावर होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं मी ओळखते. वर्गातल्या मुलाला आपलं काय चुकलं ते कळत नाही, पण आता ओरडा बसणार हे कळलेलं असतं, तेव्हा ते असं बघतं. तिच्या मागे कौस्तुभ मला डोळ्यांनी विचारत होता, आई, सांगू का?

मी त्याला मानेनं नाही म्हटलं. हे काम त्याचं नव्हतं.

मी उठले.

बायकांच्या घशातून एकदम एक आवाज निघाला. पंगत अर्धी असताना वरमाय पानावरून उठली, याच्यापलीकडे वाईट काही नसतं, हे मला कळत होतं. पण बसून राहिले असते तर तिकडे एक बाई एकटी रडत बसली असती, आणि मी इथे पापडामागची कोशिंबीर सांभाळत.

मागच्या पडवीत, नारळाच्या करवंट्यांच्या ढिगाशेजारी, सरोजिनीबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. डोळे कोरडे होते. मला बघून त्या घाईनं उठायला लागल्या.

“बसा,” मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी खाली बसले. एक हात भिंतीला, एक जमिनीला, पण बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा.

“काय चुकलं ते सांगा,” त्या म्हणाल्या. “साडी असेल तर बदलू. मानपान असेल तर आत्ता करू. काय असेल ते मला बोला. पोरीला नंतर बोलू नका.”

“काही चुकलेलं नाही.”

“माझ्या आईलाही सगळे असंच म्हणाले होते.” त्या करवंट्यांकडे बघत बोलत होत्या. “माझ्या लग्नात माझी सासू पानावरून उठली. मठ्ठा आंबट होता म्हणे. आईनं पाय धरले. पण नाही. नऊ वर्षं माझी आई या घराची पायरी चढली नाही. मृण्मयीच्या बारशालाही नाही. मी मनाशी ठरवलं होतं, माझ्या मुलीच्या लग्नात विहीण तृप्त होऊन उठली पाहिजे. चार दिवस मी नारळ खोवतेय.”

मग मी तेच केलं जे पहिलीच्या मुलांसाठी करते. शब्द सापडत नसले की वस्तू दाखवायची. शेजारच्या भांड्यांतली एक छोटी वाटी घेतली आणि बोट लावून दाखवलं.

“एवढं. इथपर्यंत. एवढंच मावतं माझ्यात.”

“म्हणजे?”

“पोटाचं ऑपरेशन झालंय माझं. वजनासाठी. दहा आठवडे झाले. पोट केळ्याएवढं ठेवलंय. मी तुमची उसळ खाल्ली, चार चमचे, अगदी मनापासून. तिथेच पोट भरलं. गोड खाल्लं असतं तर तुमच्या मांडवात आडवी झाले असते. म्हणून मोदक लपवले.”

त्यांनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि बोट होतं तिथे आपलं बोट लावून बघितलं.

“तुम्ही रुसला नाहीत?”

“नाही हो.”

“साडी?”

“साडी सुंदर आहे. फक्त आता सैल होत चाललेय, साडी नव्हे, मी.”

“आणि हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“भीती वाटली.”

“माझी?”

“तुमची, कुसुमआत्यांची, सगळ्यांची. लोक हसतील, म्हणतील खाऊन खाऊन ही वेळ आली.”

“शाळेत शिकवायचात ना तुम्ही?” त्या म्हणाल्या. “पोरांना काय शिकवलंत? काही झालं की लपवायचं?”

मी मान खाली घातली. आणि मग शेजारून एक विचित्र आवाज आला. बघते तर त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. खांदे हलत होते.

“तीन मोदक,” त्या म्हणाल्या. “तीन. पान असं वर आलं होतं. मला वाटलं खाली बेडूक शिरला.”

मग मलाही राहवलं नाही. आम्ही दोघी करवंट्यांशेजारी बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. आतल्या माणसांना काय वाटलं असेल देव जाणे, कारण मृण्मयी धावत आली, तिच्यामागे कौस्तुभ, त्याच्यामागे आमचे हे. ह्यांच्या हातात सवयीनं वर्तमानपत्र होतं.

“शैला, श्रीखंड खाल्लंस का?” ह्यांनी विचारलं.

“कौस्तुभ,” सरोजिनीबाई डोळे पुसत म्हणाल्या, “तुम्हाला माहीत होतं?”

“शपथ होती.”

“मला पण नाही सांगितलंस?” मृण्मयी त्याच्याकडे वळली.

“शपथ होती, म्हटलं ना.”

“आपण बोलू नंतर,” ती म्हणाली, आणि लग्नाला दीड तास झालेला माझा मुलगा पहिल्यांदाच घाबरलेला दिसला.

सरोजिनीबाई उठल्या, पदर खोचला. बाई एकदम निराळीच दिसायला लागली. रेवतीसारखी उलटतपासणी सुरू झाली.

“उसळ चालते. आणखी?”

“घट्ट वरण. दही. पनीर.”

“पनीर नाही आमच्याकडे. चक्का आहे, बिनसाखरेचा. चालेल?”

“चालेल.”

“आता लगेच?”

“आता पोट भरलंय. दोन-तीन तासांनी.”

“पाणी?”

“जेवताना नाही.”

“आणि मी मघापासून फुलपात्र भरतेय तुमचं.” त्यांनी कपाळावर हात मारला. “ठीक आहे. चार वाजता.”

त्या तशाच पंगतीत गेल्या. मी मागोमाग.

“ऐका,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “माझ्या विहीणबाईंचं पोटाचं ऑपरेशन झालंय. त्यांना थोडं थोडं, वेळेवर खायचं असतं. रुसलं-बिसलं कुणी नाही. तुम्ही जेवून घ्या. यांची पंगत चार वाजता परत बसेल.”

मी वाट बघत होते, आता कोण हसतंय. माझ्या नणंदेनं पाटावरून वर पाहिलं.

“वहिनी, कुठल्या डॉक्टरांकडे केलंत?” तिनं विचारलं. “नंतर नंबर द्या मला.”

बस. एवढंच झालं. ज्याला मी इतकी वर्षं भीत होते ते एवढंच निघालं.

“पण चार वाजताच्या पानात गोड काय?” कुसुमआत्यांनी हात कमरेवर ठेवले. “गोडाशिवाय विहीण पंगत मी जन्मात बघितली नाही. मोदकाची एक पाकळी तरी.”

“पाकळी नाही,” मी म्हटलं. आग्रह केला तरी नाही, हे उत्तर मला पाठ होतं, पण ते खरोखर तोंडातून निघायची ती पहिलीच वेळ.

“आत्या, तुम्ही त्यांच्याशी गोड बोला,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “तेवढं चालतं त्यांना.”

चार वाजता मला बोलावणं आलं. माजघरात रुखवत मांडलं होतं. चिरोटे, लाडू, कापसाचे हंस, आणि मध्ये मृण्मयीच्या लहानपणची पितळी भातुकली, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. सरोजिनीबाई त्यातली भांडी उचलून पदरात घेत होत्या आणि कुसुमआत्या त्यांच्यामागे फिरत होत्या.

“सरोज, रुखवतातलं उचलू नये.”

“माझ्या लेकीचं आहे. मी उचलीन नाहीतर फोडीन.”

या वेळी टेबल मी नको म्हटलं. पाट मांडला. एका विड्याच्या पानावर त्यांनी पंगत वाढली. सुपारीएवढ्या पातेल्यात वालाच्या डाळिंब्या, बाहुलीच्या वाटीत घट्ट वरण, अंगठ्याएवढ्या परातीत चक्का. वाढायला भातुकलीतलीच पळी. पानाभोवती तळहातावर मावेल एवढी महिरप, उदबत्तीचा तुकडासुद्धा दोन इंचांचा. बायका परत भिंतीशी उभ्या राहिल्या आणि गाणं सुरू झालं. मधूनमधून हसण्यात बुडत होतं, पण सुरू होतं.

“नाव घ्या,” कुसुमआत्यांनी फर्मावलं. “गोड नसलं म्हणून नावसुद्धा नाही असं चालायचं नाही.”

मी घेतलं. “इवल्याशा पातेल्यात वालाची उसळ, विनायकरावांचं नाव घेते, पुढ्यात विहीण प्रेमळ.”

“विहीण पुढ्यात कुठाय? ती उभीच आहे,” कुसुमआत्या म्हणाल्या. “सकाळपासून चहावर आहे. तुम्ही जेवल्याशिवाय जेवायची नाही म्हणते.”

मी हातातला चमचा खाली ठेवला.

“सरोजिनीबाई, हे खरं?”

“तुमचं होऊ दे. मी बसते मग.”

“माझं व्हायला अर्धा तास लागतो. मृण्मयी, आईचं पान घे.”

पान आलं, मोठं, केळीचं. त्या नको नको म्हणत माझ्यासमोर पाटावर बसल्या. मी बसल्या जागेवरून हात लांब करून वाढलं. मसालेभात, अळू, कोशिंबीर. मग पुरणपोळी.

“अर्धी,” त्या म्हणाल्या.

“अर्ध्याला नाही म्हणू नये,” मी म्हटलं आणि अख्खी वाढली. वर मोदक ठेवला, तूप घातलं.

“अहो, किती.”

“तुमच्या हातचा आहे. खाऊन बघा कसा झालाय.”

त्यांनी मोदक फोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. चार दिवस खपून केलेल्या त्या जेवणाची चव त्यांनी पहिल्यांदाच घेतली होती. मग भूक लागलेलं माणूस जेवतं तशा त्या जेवल्या, खाली मान घालून, बोलता बोलता, मध्ये मध्ये थांबून आईच्या आठवणी सांगत. मी बाहुलीच्या वाटीतलं वरण चिमूट चिमूट खात ऐकत होते. त्यांचं सगळं पान स्वच्छ झालं तेव्हा माझ्या पातेल्यात अजून चार डाळिंब्या होत्या.

बायका एकेक करून पांगल्या. बाहेर सामान गाड्यांत चढायला लागलं होतं. आमचे हे दोनदा दारात डोकावून गेले. कुसुमआत्या म्हणाल्या, “सरोज, झालं ना तुझं? ऊठ, हात धू. पाठवणीची वेळ झाली.”

“यांचं व्हायचंय,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

“त्यांचं होईल सावकाश.”

“होऊ दे की.”

मी घाई करायला लागले. त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून. मी सावकाश चावत राहिले. त्यांचा उष्टा हात वाळून कोरडा झाला, बोटांवर पुरणाचे पापुद्रे धरले, तरी त्या पानावरून उठल्या नाहीत.